रसेलचं तिसरं बोट

"तुझं ते बोट आत का वळतंय?" रसेलने विचारलं.

"कुठलं?"

"तिसरं. तळहातात काय खाऊ ठेवलायस?"

गिटारवाले अंगठा मोजत नाहीत, त्यामुळे त्यांचं तिसरं बोट म्हणजे अनामिका. ऑड्राने आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग रसेलच्या. ती दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, चाळिशी उलटलेली, आणि दर मंगळवारी माझ्या वाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत रसेलकडे शिकायला येते.

"तुम्ही तसंच करता ना, त्या उतरत्या जागेत? मला वाटलं, तीच त्यातली गोम आहे. आरशासमोर बसून बसवलंय मी ते. काय जमत नव्हतं मेलं!"

मी तारांचं खोकं घेऊन दारात उभी होते. रसेलने गिटार मांडीवरून उतरवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मी त्याला चांगली ओळखते. शिकवणी चालू असताना त्याने गिटार खाली ठेवलेली मी तोवर पाहिली नव्हती.

त्याची शिकवण्याची रीतच तशी होती. तोंड मिटायचं, त्याच्या हाताकडे बघायचं आणि तसंच करायचं. कागद नाही, खुणा नाहीत. "नजरेने उचला," म्हणायचा. क्लीव्हलंडच्या या बाजूला जो कुणी बरी गिटार वाजवतो, त्याच्या हातात रसेल बोहाकचा हात थोडाफार असतोच. आता ऑड्राने त्याचा आजारही नजरेने उचलला होता, बिचारी.

आमचा 'टिन हार्बर' बँड तरुणपणी गाजला तो एका गाण्यामुळे, आणि ते गाणं गाजलं रसेलच्या मधल्या सोलोमुळे, म्हणजे त्याच्या एकट्याच्या गिटारच्या तुकड्यामुळे. शब्द कुणाला धड आठवत नाहीत, पण तो सोलो लोक आंघोळ करतानासुद्धा तोंडाने वाजवतात. वाद्यांचे आवाज सांभाळायचं टेबल तेव्हाही माझ्याकडे होतं. मी हजारदा ऐकला असेल तो, आणि तरी दर वेळी त्या उतरणीवर, सूर वरून खाली धावत येतात तिथे, माझा श्वास अडकायचा. इतके सूर इतक्या वेगात, आणि एकेक असा धुतल्यासारखा स्वच्छ.

आणि आता त्याच उतरणीवर त्याचं तिसरं बोट आपोआप मुडपून तळहातात जाऊन बसायचं. दुखणं नाही, खुपणं नाही. त्याच हाताने तो कॉफीचा मग धरायचा, शर्टाची बटणं लावायचा, माझ्या दुकानाचं कुलूपही दुरुस्त करायचा. गिटारची दांडी हातात आली की मात्र बोट त्याचं उरायचं नाही.

"डॉक्टर काय म्हणाला?" मी विचारलं होतं.

"हात ठणठणीत आहे म्हणाला. डोक्यात दोन बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्यात. तेच तेच वाजवून फार घासल्याने होतं. अजून घासलं की अजून वाढतं."

"म्हणजे वाजवायचं नाही?"

"तसंच म्हणाला."

"मग तू काय करतोयस?"

"हळू लय लावून परत परत वाजवतोय."

हसावं की रडावं कळेना. जन्मभर त्याला एकच औषध ठाऊक होतं. अडलं की हळू कर, परत कर. त्याने सगळ्यांना त्याच औषधाने बरं केलं होतं. आता ते घेतलं की आजार वाढत होता आणि न घेता बसणं त्याला येत नव्हतं. मागच्या खोलीतून तीच उतरण सकाळभर ऐकू यायची, तिथेच अडायची, पुन्हा वरून सुरू व्हायची. काही वेळा मी उगाच व्हॅक्यूम लावायची, ऐकवायचं नाही म्हणून.

त्यातच ऑगस्टमधल्या चर्चच्या जत्रेचं निघालं. जुन्या बँडने एकदा सगळ्यांनी मिळून वाजवावं अशी फादरची इच्छा. आमचा गायक डुएन आता घरं विकतो. तो दुकानात आला तोच तोडगा घेऊन.

"सोलोला जुनी रेकॉर्ड सोडू. तू नुसता हात फिरव. कोण बघतंय रे?"

"मग माझा पुतळाच आणून उभा कर. त्याला बिअरही लागणार नाही."

"रुसू नकोस. मी तरी वरचे सूर कुठे लावतो आता? सरळ माईक लोकांपुढे धरतो. तेच गातात."

"तुझं बरं आहे," रसेल म्हणाला. "तुझा गळा गेला तर लोक गातात. माझं कोण वाजवणार?"



जत्रेच्या आदल्या दिवशी रसेल माझ्या गल्ल्यापाशी येऊन घुटमळला.

"लोरेन, ती रेकॉर्ड तयार ठेव. पण मी मान हलवल्याशिवाय हात लावलास तर तुझं-माझं संपलं."

"आणि हलवलीस तर?"

"नाही हलवणार."

शनिवारी चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. लोण्यात परतलेल्या पिएरोग्यांचा, म्हणजे पोलिश करंज्यांचा, वास, बिअरच्या तंबूपुढे रांग, आणि आमच्याच वयाचे लोक, गुडघे सांभाळत का होईना, नाचायला आलेले. माझं टेबल मंचाला लागून, रसेलच्या डाव्या बाजूला होतं. रेकॉर्ड आवाज बंद करून गाण्याबरोबरच चालणार होती, आणि डुएनने परस्पर ड्रम वाजवणाऱ्याच्या इअरफोनमध्ये तिचा ठोका सोडून ठेवला होता, म्हणजे वेळ आलीच तर सगळं जुळावं. रसेलला ते माहीत होतं.

गाणं आलं. सोलोच्या दोन फेऱ्या असतात. पहिलीची चढण त्याने अशी घेतली की मी टेबलाची कड घट्ट धरली. देवा, तोच रसेल! मग उतरण लागली आणि बोट मुडपलं. त्याने उरलेल्या बोटांनी सूर चुकवत वाट काढली, दोन-चार गळाले, एक भलताच लागला. त्याने परत धरलं, परत गेलं.

आणि लोक आरोळ्या मारत होते! पुढे एक टकलू डोळे मिटून, बिअरचा ग्लास दातात धरून, हवेतच गिटार वाजवत होता. कुणाच्या काही लक्षातच आलं नव्हतं. फक्त ऑड्राने तोंडावर हात ठेवला होता.

रसेलने त्या टकलूकडे पाहिलं. मग ऑड्राकडे. मग वळून माझ्याकडे, आणि मान हलवली.

मला ते करायचं नव्हतं. पण दुसरी फेरी सुरू होत होती. मी रेकॉर्डचा आवाज वर चढवला.

तिशीही न गाठलेला रसेल सगळ्या आवारभर वाजू लागला. डुएन घाईघाईने जवळ सरकला आणि ओरडला, "हात फिरव! अरे, हात फिरव!"

रसेलने हात फिरवला नाही. त्याने गिटारवरचे दोन्ही हात काढले आणि तो सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. आरोळ्या हळूहळू थांबल्या. टकलूने ग्लास दातातून काढला. गिटार वाजत होती ती फक्त रेकॉर्डवरची.

रसेल मान खाली घालून ऐकत होता. त्याचा डावा हात मांडीलगत लोंबत होता, आणि माझ्या टेबलावरून मला तो नीट दिसत होता. जीन्सच्या शिवणीवर त्याची बोटं वाजवत होती. उतरण आली, पूर्ण वेगात आली, आणि चारही बोटं एकेक करून जिथे पडायला हवीत तिथेच पडत गेली. तिसरंसुद्धा.