हौद्याचा नवा तळ

मेंढरांच्या व्यापाऱ्यानं पिकअप वेल्डिंगच्या शेडसमोर आणून लावली, तेव्हा शेजारच्या माझ्या पंक्चरच्या दुकानात मी ट्यूब पाण्यात बुडवून बसलो होतो. हात तसाच पाण्यात राहिला. ह्या माणसाची इथं यायची छाती झाली कशी, हेच मला कळेना.

शेडवाल्याची लेक ह्याच्या पोराला दिलेली. गेल्या उन्हाळ्यात हाच तिला मोडक्या हातानं बापाच्या दारात सोडून गेला होता. जाताना सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "डोकं फिरलंय तुमच्या लेकीचं. कडब्याच्या गंजीवरून उडी मारली. सांभाळा तुमचं तुम्ही." गावोगावच्या बाजारातही त्यानं तेच पसरवलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं वेडी. नळावर बायका तिच्यापासून लांब उभ्या राहायला लागल्या. हात जुळला, पण मनगट वाकडंच राहिलं.

व्यापाऱ्यानं खाली उतरून हाक मारली, "आहेत का मालक?"

म्हातारा खाटेवर बसला होता. त्याची नजर अधू झालेली, म्हणून शेड आता लेकच चालवायची. आवाज ओळखून म्हातारा ताडकन उठला. "चालता हो! नाहीतर ही पहार घालीन डोक्यात."

"बाबा, थांबा." लेक आतून आली, अंगात बापाचा जुना सदरा. तिनं गाडीच्या मागच्या हौद्यात डोकावून पाहिलं. मेंढरांच्या मुतानं तळाचा पत्रा पार खाल्ला होता, भोकातून खालची माती दिसत होती. "पाय अडकला असेल एखादीचा."

"मोडला," व्यापारी म्हणाला. "सगळीकडे फिरलो, जो तो ठिगळ मारतो म्हणतो. पत्रा वाकवायचं मशीन तुमच्याकडेच. परवा बाजार आहे, सूनबाई."

"सून कुणाची?" ती म्हणाली. "गाडी आत घ्या."

मला तिचा राग आला. म्हटलं, पोरीला काही लाज आहे की नाही? म्हातारा तर भिंतीकडे तोंड करून बसला.

ती कामाला लागली. आधी जुना पुठ्ठा हौद्यात पसरून चाकांवरच्या उंचवट्यांचं माप घेतलं. मग कटरनं जुना तळ कापून काढला. गंजाचे पापुद्रे उडाले, वासानं मी तोंडाला फडकं बांधलं. हौद्याच्या खाली नुसत्या आडव्या पट्ट्या उरल्या, म्हशीच्या बरगड्यांसारख्या. त्यांनाही तिनं घासून लाल रंग मारला.

नवा पत्रा जाड होता. डाव्या हाताची पकड बसत नव्हती, म्हणून ती तो कोपरानं दाबून धरायची. तो हात व्यापाऱ्याच्या समोरच होता. तो इकडेतिकडे बघत विड्या ओढत राहिला. तिनं कडा उभ्या वळवल्या, पाणी वाहून जावं म्हणून मागच्या बाजूला उतार दिला, खुरं घसरू नयेत म्हणून आडव्या वळ्या काढल्या. काम बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू.

दुपार कलली. तयार तळ स्टँडवर आडवा होता. फक्त बसवायचा राहिला होता. तिनं हातमोजे काढले आणि स्टुलावर बसली.

"चहा घेतेस का?" व्यापारी म्हणाला.

"नाही. तुम्ही बोलायची वाट बघते."

"काय बोलू?"

"माझा हात कसा मोडला ते."

शेडमध्ये रस्त्यावरची तीन-चार माणसं टेकली होती. चहावाली कपबशा गोळा करायला आली होती, ती तिथंच थबकली.

व्यापारी हसला. "झालं गेलं कशाला उकरतेस? दुसरीकडे नेतो गाडी."

"न्या की. मेंढरं काय हवेत उभी करणार?"

चहावाली फिसकन हसली. व्यापाऱ्याचं तोंड तांबडंलाल झालं. तो म्हाताऱ्याकडे वळला, "अहो, लेकीला जरा समजवा."

म्हातारा म्हणाला, "डोळे गेलेत माझे. कान चांगले आहेत. मलाही ऐकायचंय."

शेवटी व्यापारी गाडीच्या चाकाकडे बघत पुटपुटायला लागला. तिनं ग्राइंडरचं बटण दाबलं. घर्रर्र करून ठिणग्या उडाल्या, त्याचं बोलणं त्यातच विरलं. तिनं ग्राइंडर बंद केला.

"ऐकू आलं नाही. पुन्हा."

"पोरानं मोडला!" तो ओरडला. "माझ्या पोरानं! पिळून मोडला!"

"तुम्ही कुठं होता?"

"दारात."

"काय करत होता?"

"उभा होतो." त्याचा आवाज चिरकला. "नुसता उभा होतो."

"आणि गंजी?"

"गंजी-बिंजी काही नाही. मीच उठवलं ते."

मला वाटलं, आता तरी पोरीला रडू फुटेल. तिनं हातमोजे चढवले. "आता तळ बसवू. खालून नट धरायला माणूस लागतो. शिरा गाडीखाली."

व्यापारी पांढऱ्या शर्टानं गाडीखाली सरपटत गेला. ती वरून बोल्ट आवळत होती, मुद्दाम सावकाश. गंजाचा उरलासुरला भुगा त्याच्या तोंडावर पडत होता. म्हाताऱ्यानं हौद्यात चढून नव्या पत्र्यावर टाच आपटून पाहिली. पत्रा जागचा हलला नाही.

व्यापारी अंग झटकत बाहेर आला. मागे बघतो तर हौद्याला मागचा फाळका नाही. तो तिनं तळ कापतानाच काढून आत कुलपात ठेवलेला.

"हे काय? मागनं उघड्या गाडीत मेंढरं कशी न्यायची?"

"फाळका तुमच्या पोराच्या हाती देईन."

"अगं, मी बोललो ना सगळं!"

"तुम्ही उभे होता, तेवढं तुम्ही बोललात," ती म्हणाली. "पिळला त्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तोवर व्यापाऱ्याचा पोरगा आला. पायी आला, खाली मान घालून. काल बातमी फिरली होती, नळावरच्या बायकासुद्धा घागरी भरायच्या टाकून रस्त्यात येऊन उभ्या होत्या. शेडमध्ये तिचं काम चालू होतं. त्याला बघताच तिनं वेल्डिंग थांबवलं, भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला, मला म्हणाली, "काका, तुमचा हवेचा पंप तेवढा बंद करा." मी बंद केला. रस्ता गप्प झाला.

तिनं वाकडा हात त्याच्या समोर धरला.

"हं," ती म्हणाली, "बोल."