नळाशेजारची जागा

"आवळू नको गं एवढं. मला का पुरात सोडणार हायेस?"

सूर्यभान अण्णांनी नारिंगी जाकिटाचा पट्टा सैल केला. अंबिकानं तो पुन्हा ओढला. "सक्तीचं आहे, अण्णा. त्याशिवाय जीप सोडत नाहीत."

"हर्सूलच्या माणसाला बुडायपुरतं पाणी कवा मिळालंय?"

जीपमधले सगळे हसले. अंबिकाही हसली. अण्णा जेवत होते, झोपत होते, गमती करत होते. फक्त आईचं नाव काढत नव्हते. चैत्रात मंजुळाबाई गेल्यापासून एकदाही नाही. लेकीनं विषय काढला की उठून चपला शोधायला लागायचे.

दूधसागरची हौस खरं तर आईची. लेकीच्या मोबाइलवर तो धबधबा पाहून तिनं विचारलं होतं, "आन् हे बंद कवा व्हतंय?"

त्यांच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही कधी येईल याचा नेम नसे. चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अण्णा नळाशी पाट टाकून बसत. तोटीतून हवा फुसफुसली की ओरडत, "मंजुळाऽ, पाणी आलंऽ!" आतून आवाज येई, "आले वो, गल्ली कशाला गोळा करता!" मग ते सरकून तिला शेजारी बसायला जागा करून देत. आता नळ आला की ते मुकाट्यानं एकटेच पिंपं भरत.

जंगल इतकं दाट, की भरदुपारी दिवेलागणीची वेळ वाटत होती. जीपमधून उतरून, अंबिकाचा हात धरून, ओल्या दगडांवरून अण्णा वळणापर्यंत आले आणि थबकले. समोर अख्खा डोंगर पांढरा होऊन कोसळत होता. तुषारांनी त्यांच्या मिशा भिजल्या, चष्मा धूसर झाला.

"टेका जरा, अण्णा."

ते दगडावर टेकले. बराच वेळ वर बघत राहिले.

"लई हाय गं," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले.

"मंजुळाऽ! पाणी आलंऽ!"

फोटो काढणारी पोरं वळून बघायला लागली. आईचं ते ठरलेलं उत्तर अंबिकाच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

अण्णांनी मान कलती करून, घरी ऐकत तसं, थोडा वेळ ऐकलं. मग दगडावर जरासे सरकले आणि खिशातला रुमाल काढून शेजारची ओली जागा पुसू लागले.