टेकू काढायची घाई

मिस्त्रीने गोळी बंद केली ती पूर्ण विचार करून. मूर्खपणा माणूस नेहमी पूर्ण विचार करूनच करतो.

तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, स्टेंट बसला, तेव्हापासून कोलेस्टेरॉलची गोळी रोज चालू होती. मग एकदा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरने 'नॉर्मल' म्हणून कागद सरकवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. 'गोळी चालू ठेवा' एवढं बोलायला त्याचं तोंड दुखत होतं काय? मिस्त्रीने चाळीस वर्षं सेंटरिंगची कामं केलेली. स्लॅबखाली टेकू लावायचे, काँक्रीट पक्कं झालं की काढायचे. इथेही रिपोर्ट पक्का, काढा टेकू! बायकोला पत्ताच नाही.

चौथ्या महिन्यात तो औषधाच्या दुकानात बायकोच्या गुडघ्यांचं मलम घ्यायला गेला. काउंटरमागची मुलगी मलम देता देता थांबली.

"काका, तुमची गोळी हल्ली नेत नाही. आमच्यावर रुसलात की काय?"

"सोडली, पोरी. रिपोर्ट नॉर्मल. टेकू काढला."

"कोणाला विचारून?"

"मला विचारून. स्लॅब माझा आहे."

रांगेतले दोघे हसले. ती हसली नाही.

"स्लॅब एकदा भरला की भरला, काका. कोलेस्टेरॉल शरीर रोज नवं बनवतं. तुमचं काँक्रीट जन्मभर ओलंच राहणार. उद्या सकाळी रक्त तपासा, नाहीतर काकूंना फोन करते."

"धमकी देतेस?"

"हो."

काकूंचं नाव निघताच मिस्त्रीचा ताठा उतरला. मागच्या वेळी ती आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर चार दिवस बसून होती. पुन्हा तिला तिथे बसवायचं?

रक्त तपासलं. आकडा दुपटीने वर. डॉक्टर तापला, मिस्त्री त्याच्याहून तापला. "तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" डॉक्टर म्हणाला, "चुकलं माझं." हृदय तपासलं, ते अजून शाबूत होतं. गोळी परत सुरू. घरी बायकोने जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुन्हा दुकानात. घर उभं राहिलं की लोक फरशीचं कौतुक करतात. खाली टेकू कोणी लावले ते कोणी विचारत नाही. चाळीस वर्षं त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो काउंटरशी उभा राहिला.

"ताई, तुम्ही विचारलंत म्हणून मी धड आहे."

"अहो काका, मला अहो-जाहो काय करताय! सरका बाजूला, रांग आहे."

"रांगेलाच ऐकवतोय." तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल असा त्याचा आवाज चढला. "या ताईंचे माझ्यावर उपकार आहेत. तुमच्यात कोणी डॉक्टरला न विचारता गोळी सोडली असेल तर हात वर करा. लाजू नका, मीही तसलाच गाढव आहे."

मग मागून एका म्हातारीचा हात हळूच वर आला.