भुकेल्या खडकांजवळचा माणूस

ऑगस्टात आमच्या किनाऱ्यावर धुकं उतरलं की पाहुणे वैतागतात आणि सामन मासे वर येतात. त्यामुळे वीस वर्षांत मी धुक्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. मासेमारीच्या हौशी पाहुण्यांसाठी इथं एक लॉज आहे, त्याच्या सहा बोटींपैकी एक माझी. सकाळी पाहुण्यांना घेऊन निघायचं, मासे कुठं आहेत ते दाखवायचं, गळाला आमिष लावून द्यायचं आणि दुपारी सगळ्यांना धड परत आणायचं, हे माझं काम.

त्या दिवशी माझ्या बोटीत बापलेक होते. मुलगा ग्रँट पन्नाशीचा, कॅल्गरीत घरांची छपरं घालायची कंत्राटं घ्यायचा. बाप अ‍ॅन्सेल त्र्याऐंशी वर्षांचा. चाळीस वर्षं आगगाडीचं इंजिन चालवलेला. आता त्याला फारसं काही आठवत नसे. धक्क्यावरच, बापाला ऐकू जाईल अशा आवाजात, ग्रँटनं मला बजावलं होतं, "म्हाताऱ्याचं काही मनावर घेऊ नकोस, रेना. काल विमानात त्यानं पायलटला पुढचं स्टेशन कोणतं म्हणून विचारलं."

म्हातारा हातमोजे चढवून पुढच्या बाकावर जाऊन बसला.

आठच्या सुमारास त्याच्या गळाची काठी वाकली. मासा मोठा होता. दोनदा दोर पार लांब घेऊन गेला. ग्रँट काठी आपल्याकडं मागत होता, पण म्हातारा देईना. मग एकाएकी दोर सैल पडला. वर ओढला तेव्हा गळावर आमिषाचा मासा जसाच्या तसा होता, दातही न लागलेला.

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की पक्षी गेलेत. सकाळपासून डोक्यावर किरकिरणारे समुद्रपक्षी होते, त्यातला एकही दिसेना की ऐकू येईना. धुकं इतकं दाट झालं होतं की बोटीचं पुढचं टोकही पुसट दिसत होतं. मी इंजिन बंद करून कानोसा घेतला. बोटीच्या कडेला पाणी लागल्याचाही आवाज नव्हता.

रेडिओवर व्हर्नामावशी आली. लॉजचं स्वयंपाकघर आणि रेडिओ दोन्ही तीच सांभाळायची. "बाकी पाचही बोटी धक्क्याला लागल्या. तू कुठं हुंदडतेयस, रेना? ये बघू लवकर."

मी दोर गुंडाळायला घेतले. तेवढ्यात अ‍ॅन्सेल म्हणाला, "त्याला घ्यायचं नाही का?"

"कुणाला, काका?"

"तो उभा आहे ना, त्याला." त्यानं डावीकडं बोट केलं. तिकडं नुसता पांढरा पडदा होता.

ग्रँटनं सुस्कारा सोडला. तिथं कुणी नाही, आपण समुद्रात आहोत, असं त्यानं बापाला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, पण बोट खाली केलं नाही. "डोक्यावर टोपी नाही त्याच्या," तो म्हणाला. "केस ओले आहेत. हाक मारत नाहीये. नुसता आपल्याकडं बघतोय."

मीही ते मनावर घेतलं नसतं. पण इंजिन बंद असल्यामुळे प्रवाहानं बोट हळूहळू फिरत होती आणि तिच्याबरोबर म्हाताऱ्याचं बोट उलट दिशेला सरकत होतं. आधी डावीकडं, मग समोर, मग उजवीकडं. मी होकायंत्र पाहिलं. बोट अर्धा वळसा फिरली होती, आणि तो अजून वायव्येलाच दाखवत होता. धुक्यात दिशा अशी धरून ठेवणं मलाही जमत नाही.

वायव्येला भुकेले खडक होते. तिकडं आम्ही उन्हातसुद्धा जपून जातो. मावशीला कळवून मी इंजिन सुरू केलं आणि बोट तिकडं वळवली. ग्रँट भडकला. वेड्या माणसाच्या नादी लागून तिघांना मारणार आहेस का, लॉजच्या मालकाला सांगून तुझी नोकरी घालवीन, असं बरंच काही बोलला. मी त्याला पुढं बसून पाण्यावर नजर ठेवायला सांगितलं.

म्हातारा मात्र शांत होता. "थोडं डावीकडं. आता सरळ. हळू घे, हळू," असं तो सांगत होता आणि मी तसं करत होते. खडकांवर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज जवळ आला. मग तो म्हणाला, "गेला."

"कुठं गेला?"

"आता नाहीये तो तिथं."

मी इंजिनाचा गियर काढला. बोट शेवाळाच्या जाड पट्ट्यांत शिरून थांबली आणि हातभर अंतरावर पत्र्याची एक लहान होडी दिसली. तीही शेवाळातच अडकली होती. तळाशी ताडपत्री होती आणि तिच्याखाली एक माणूस आडवा पडलेला. पलीकडच्या खाडीत एकटा राहून कोळंबी पकडणारा लायल. ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता.

सगळ्यांत आधी त्या होडीत उतरला तो ग्रँट. त्यानं स्वतःचं जाकीट काढून लायलला गुंडाळलं आणि लॉजला पोचेपर्यंत त्याला छातीशी धरून बसला.

स्वयंपाकघरात शेगडीजवळ दोन तासांनी लायल नीट बोलू लागला. दोन दिवसांपूर्वी त्याचं इंजिन बंद पडलं होतं, ते बघताना घसरून त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून त्याला उठून बसताही आलं नव्हतं. वाट बघणारं घरी कुणी नसल्यामुळे कुणी शोधायलाही निघालं नव्हतं. मावशीनं पाजलेला माशाचा रस्सा संपल्यावर त्यानं विचारलं, "दुसरा कुठाय?"

आम्ही हादरलो. होडीत आणखी कोण होतं, मी विचारलं.

"मी एकटाच निघालो होतो. तो नंतर आला. डोळा लागला की पायानं ढोसायचा. एकदासुद्धा खाली बसला नाही."

मावशीनं भाजलेल्या माशाचा एक मोठा तुकडा उचलून शेगडीच्या जाळात टाकला. आम्हा इथल्या मूळ रहिवाशांत गेलेल्यांना असंच वाढतात. तटरक्षकांची बोट लायलला घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खडकांभोवती शोधही घेतला. काही सापडलं नाही.

संध्याकाळी ग्रँट बापाशेजारी धक्क्यावर बसला आणि त्यानं फार हळुवारपणे विचारलं, तो माणूस कसा दिसत होता. अ‍ॅन्सेलनं त्याच्याकडं नवलानं पाहिलं. कोणता माणूस, म्हणाला.

पुढच्या वसंतात लायल आमच्या गावात बहिणीकडं राहायला आला. लंगडत चालायचा, जाळी दुरुस्त करून द्यायचा. भेटला की हवापाण्याचं बोलायचा, त्या दिवसाचा विषय टाळायचा. एकदाच, माझ्या ओट्यावर कॉफी पिताना, त्यानं विचारलं, "तू पाहिलंस त्याला?"

मी नाही म्हणाले. पाहिलं ते म्हातारबाबांनी.

"चेहरा?"

"हो. आमच्याकडंच बघत होता म्हणे."

लायलनं कप खाली ठेवला. "मला नाही दिसला," तो म्हणाला. "दोन दिवस नुसती पाठ होती माझ्याकडं. कुणीतरी यायचं ठरलं असावं, तसा धुक्यात बघत होता."