वीस बाय तीसची आई

छायाचित्र कधी खोटं बोलत नाही. जिंतूरच्या बस स्टँडसमोर ‘राजनंदिनी फोटो स्टुडिओ’ चालवणारे योगीराज बुधवंत यांनी हे वाक्य दुकानाच्या पाटीवर लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं आणि त्या पाटीखाली बसून ते गेली सव्वीस वर्षं मिटलेले डोळे उघडत होते, पोटं आत घेत होते, सुटी न मिळालेल्या जवानाला बहिणीच्या लग्नात उभं करत होते आणि तीन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांना नातवाच्या बारशाला खुर्ची देत होते.

हे सगळं चालायचं ‘फोटोमित्र ९’ नावाच्या सॉफ्टवेअरवर. ते त्यांनी कधीकाळी सीडीवर घेतलं होतं, कारण बाजारात त्याच्याहून स्वस्त काही नव्हतं. आता रोज सकाळी संगणक सुरू केला की पडद्यावर पिवळी चौकट यायची : ‘फोटोमित्र २५ आलं आहे. अपडेट करायचं?’ खाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. योगीराज ‘नंतर’ दाबायचे. चार वर्षांत त्या बटणाशी त्यांचा घरोबा झाला होता.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता मनिषा आणि तिचा भाऊ धम्मानंद दुकानात आले. मनिषा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, धम्मानंद पूर्णेला रेल्वेत आहे. त्यांची आई रुख्मिणीबाई वारल्याचं योगीराज यांच्या कानावर होतं. उद्या गावात त्यांच्यासाठी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होता.

“भाऊ, आईचा फोटो पाहिजे,” मनिषा म्हणाली. “वीस बाय तीस इंचाचा. साडेचारच्या बसनं न्यायचाय.”

“आणलाय का?”

“आमच्याकडं कुठला? आईनं कधी काढू दिला का? मोबाइल दिसला की पदर तोंडावर. आधार कार्डावरला हाय, पण त्यात आई हाय का शेजारीण ते आधारवाल्यालाच ठाऊक.”

“दादाच्या लग्नातला ग्रुप हाय ना तुमच्याकडं,” ती पुढे म्हणाली, “त्यातून आई तेवढी काढा.”

योगीराज यांचा हात माउसवर होता. तो तिथेच राहिला.

धम्मानंदचं लग्न नऊ वर्षांपूर्वी झालं. स्टेजवरचा ग्रुप फोटो योगीराज यांनी आठ वेळा काढला होता आणि आठही फोटोंत नवऱ्याच्या आईच्या जागी नाकापर्यंत ओढलेला पदर होता. नवऱ्याच्या आईचं तोंड न दिसणारा अल्बम द्यायचा म्हणजे भांडण विकत घ्यायचं. त्याच आठवड्यात त्यांनी बोरीला एक लग्न केलं होतं. तिथे सरजाबाई नावाची कुणाची तरी आजी कॅमेऱ्याकडे सरळ बघत बसली होती. अंगकाठी तीच, मान त्याच बाजूला. योगीराज यांनी सरजाबाईंचं तोंड काढून रुख्मिणीबाईंच्या पदरात बसवलं. गैरहजर माणूस फोटोत आणायची या धंद्यात रीतच आहे, पण घरच्यांनी सांगितल्यावर. इथे कुणी सांगितलं नव्हतं. अल्बम गेला, कुणी काही बोललं नाही. गिऱ्हाईक बोललं नाही म्हणजे काम पसंत पडलं, असा योगीराज यांचा हिशेब होता, आणि पुढे ते विसरून गेले.

“सापडंना का?” धम्मानंदनं विचारलं.

“हाय हाय. जुना संगणक हाय, वेळ लागायलाय.”

वेळ लागत नव्हता. फाइल उघडली होती आणि पडद्याच्या डाव्या बाजूला फोटोतले सगळे लेयर एकाखाली एक लागले होते. एकावर एक कागद ठेवावेत तसे हे लेयर, प्रत्येकाला योगीराज यांनी ओळखू यावं म्हणून नाव दिलेलं : ‘नवरा’, ‘नवरी’, ‘मामा पोट कमी’, ‘बोरीची आजी’.

योगीराज यांनी ती यादी बंद केली; आयुष्यात इतक्या झपाट्यानं त्यांनी काही बंद केलं नव्हतं.

“काय होतं ते?” मागून आवाज आला. हे दत्तराव. तहसीलमधून निवृत्त झाल्यापासून ते रोज अकरा ते चार इथल्या बाकावर बसून फुकट पेपर वाचतात आणि त्या बदल्यात सल्ला देतात.

“काही नाही. यादी.”

योगीराज यांनी फोटो मोठा केला. बारा बाय अठरापर्यंत चेहरा चेहऱ्यासारखा होता. त्याच्या पुढे गेल्यावर गालाचे चौकोन पडू लागले. नाक जिन्यासारखं दिसू लागलं. योगीराज यांना आत कुठेतरी हायसं वाटलं. इतक्या धुरकट फोटोत कुणीही कुणाचीही आई असू शकते.

“ताई, वीस बाय तीस काही जमत नाही बघा. बारा बाय अठरा करू. लय सुंदर येतो.”

“उद्या अडीचशे लोकं येणारेत भाऊ,” धम्मानंद म्हणाला. “मागच्याला काय दिसंल? आन् हे हनुवटीवर काय हाय काळं काळं?”

ते काळं काळं म्हणजे सरजाबाईंचं गोंदण होतं. तीन ठिपके. अल्बमच्या फोटोत ते मोहरीहूनही बारीक दिसत होते. रुख्मिणीबाईंच्या हनुवटीवर काहीही नव्हतं.

“धूळ,” योगीराज म्हणाले.

“हनुवटीलाच बसली का?”

“लेन्सवर होती.”

“अरे, मग नवीन घे की ते!” दत्तरावांनी पेपर खाली ठेवला. “रोज सकाळी विचारतंय बिचारं. माझ्या भाच्यानं परभणीत बसवलंय फोटोमित्र पंचवीस. अडीच हजाराला तर हाय, आन् पहिले तीस दिवस फुकट. फाटका फोटो दे, एका क्लिकमधी पापण्या मोजून घे.”

“मला जुन्याची सवय हाय.”

“सवय! आन् जुनी फाइल उघडली तर प्रत्येक लेयरचं चित्र बाजूला आपोआप दाखवतंय. कोण कुठून आणून चिटकवलं, सगळं दिसतंय. भाच्यानं तर एका आमदाराच्या बॅनरवरली गर्दी सुटी करून दाखवली मला. तीनशे माणसांत अकराच खरी.”

मनिषा पुढे सरकली. “भाऊ, मग तेच घ्या ना. फुकट हाय तर.”

“जुन्या फाइली उघडतील याची काय गॅरंटी, ताई? सव्वीस वर्षांचं काम हाय यात. नवीन टाकलं की जुनं आपोआप जातं. परत येत नाही.”

हे खरं होतं. पिवळ्या चौकटीत तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण माणूस अडचणीत असला की खरं बोलतानाही त्याचा चेहरा पडतो.

“नेट स्लो हाय,” त्यांनी आणखी एक कारण काढलं.

धम्मानंदनं खिशातून मोबाइल काढला. “माझ्याचं घ्या. पाच-जी हाय.”

“वीज जाती तीनला.”

“गुरुवारी जात न्हाई,” दत्तराव म्हणाले. “मी रोजच इथं असतो.”

बाहेर स्टँडवर कंडक्टर परभणी परभणी ओरडत होता. मनिषानं पर्समधून रुमाल काढला, पण डोळे पुसले नाहीत, नुसता हातात धरला.

“भाऊ,” ती म्हणाली, “आई जाऊन बारा दिवस झाले. घरात भिंतीवर लावायला काहीच न्हाई. माझी लेक विचारती, आजीचा फोटो कुठंय. एवढं एकच काम सांगायलेय तुमाला.”

दोन वाटा होत्या. ‘नंतर’ दाबलं तर एका लेकीला तिच्या आईचा फोटो मिळणार नव्हता. ‘आत्ता’ दाबलं तर मिळणार होता, पापण्या मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ, फक्त आई दुसऱ्याची असणार होती, बाजूला ‘बोरीची आजी’ असं लिहिलेलं. आणि संध्याकाळपर्यंत स्टँडवरचा प्रत्येक रिक्षावाला लग्नाचा अल्बम काढून स्वतःची आजी तपासणार होता.

योगीराज यांनी ‘आत्ता’ दाबलं.

दाबलं म्हणण्यापेक्षा बोट खाली गेलं. पडद्यावर एक निळी पट्टी आली आणि तिच्यात आकडे चढू लागले. चार टक्के. नऊ टक्के.

“बघ, किती सोपं,” दत्तराव म्हणाले. सगळे खुर्च्या ओढून पडद्यासमोर बसले.

तेवीस टक्के. योगीराज पाणी प्यायले. एकतीस. धम्मानंदनं घड्याळ बघितलं, सव्वातीन झाले होते. चाळीसला पट्टी अडकली आणि योगीराज यांनी डोळे मिटून घेतले. बहुतेक ते प्रार्थना करत असावेत. कंपनीच्या सर्व्हरला आग लागावी इतकी साधी मागणी होती. डोळे उघडले तर एकोणसाठ.

“फोटो आला की पहिल्यांदा डोळे बघते मी,” मनिषा म्हणाली. “डोळे लय बारीक हायत त्यात.”

एकाहत्तर टक्क्यांना योगीराज उठून उभे राहिले.

“ताई,” ते म्हणाले, “ही तुमची आई न्हाई.”

धम्मानंदनं मान वर केली. योगीराज भिंतीकडे बघत सगळं बोलून गेले : आठ फोटो, आठ पदर, बोरीचं लग्न, सरजाबाई, मान त्याच बाजूला, हनुवटीवर धूळ नाही गोंदण. “पायातली चप्पल काढून मारा,” ते शेवटी म्हणाले, “पण आधी ऐकून घ्या, वाईट इच्छा नव्हती.”

मनिषानं भावाकडे बघितलं. भावानं मनिषाकडे.

“भाऊ, ते आमाला ठाऊक हाय,” ती म्हणाली.

“काय ठाऊक हाय?”

“अल्बम आला त्याच दिवशी आईनं बोट ठेवलं. म्हणली, ‘ही कोण गं बया, माझं लुगडं नेसून बसलीय?’ मी म्हणलं, थांब, बुधवंत भाऊंकडून बदलून आणते. तर म्हणली, नको. मी तोंड उघडं ठेवून बसले असते तर अशीच दिसले असते.”

“नऊ वर्षं आल्यागेल्याला दाखवायची,” धम्मानंद म्हणाला. “पाव्हणे म्हणायचे, रुख्मिणीबाई, फोटोत लय झ्याक दिसता. आई म्हणायची, तवा बरी होते.”

“मग मला का न्हाई सांगितलं?” योगीराज यांनी विचारलं.

“तुमाला काय सांगायचं?” धम्मानंद म्हणाला. “तुमीच तर केलं होतं.”



“मागच्या महिन्यात दवाखान्यात म्हणली,” मनिषा म्हणाली, “फोटो लावायचा तर तोच लावा, दुसरा कुठला काढू नका. मी मेल्यावर माझ्या तोंडावरला पदर सारायला कुणी यायचं न्हाई.” आता तिनं रुमाल डोळ्यांना लावला. “फक्त हनुवटीवरलं गोंदण पुसा म्हणली. गोंदण न्हाई आवडायचं तिला.”

“म्हणूनच मगाशी विचारलं, ते काळं काय हाय,” धम्मानंद म्हणाला. “तुमी धूळ म्हणलात. म्हणलं, असंल धूळ.”

दत्तरावांनी पेपर उचलून त्याची नीट घडी घातली. “आन् ती बोरीची बाई? सरजाबाई?”

“ठणठणीत हायती,” योगीराज म्हणाले. “परवाच बाजारात दिसल्या. कांदे निवडत होत्या.”



“बोरीचं कुणी येणार हाय का उद्या?” दत्तरावांनी विचारलं.

“न्हाई,” धम्मानंद म्हणाला. मग त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. “न्हाई. बायकोचे एक मामा हायत बोरीला, पण त्यांना दिसत न्हाई.”

“मग तोच फोटो काढा,” मनिषा म्हणाली.

योगीराज खुर्चीत बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लेयरची यादी सगळ्यांसमोर उघडी केली असती, पण पडद्यावर निळी पट्टी होती. ब्याण्णव. शहाण्णव. त्यांना आता खरोखरच नवीन सॉफ्टवेअर हवं झालं होतं. रुख्मिणीबाईंनी स्वतः निवडलेला चेहरा त्यांना पापणी न पापणी दिसेल असा काढून द्यायचा होता. शंभर टक्के झाले आणि पट्टी गेली. तिच्या जागी एक पांढरी चौकट आली. मजकूर बारीक होता. धम्मानंदनं पुढे वाकून वाचला.

“आठ जीबी मेमरी लागती म्हणतंय. त्याशिवाय बसत न्हाई. तुमच्यात किती हाय?”

योगीराज यांच्या संगणकात दोन होती. फोटो जुन्यावरच निघाला, गोंदण पुसून, बारा बाय अठराचा.