हिरवी काच

सरस्वतीबाईंनी काचेला बोट लावलं आणि चटका बसताच हात झटकला.

"अव माय! ही काच हाय का तवा?"

उंद्रीचा बाळंतपणाचा दवाखाना नवाकोरा होता. महाराष्ट्र झाल्यावर चार-पाच वर्षांनी गावानं वर्गणी काढून तो बांधला, आणि गावातल्याच हिंमतरावांच्या इंजिनियर मुलानं मुंबईहून जाड, हिरवट काच आणून पश्चिमेच्या खिडकीला बसवली. ऊन अडवणारी काच! ती बघायला पार धाड गावाहून माणसं आली. उन्हाची धग ती स्वतःच पिते, स्वतः तापते आणि आत नुसता उजेड सोडते, असं त्यानं उद्घाटनाला समजावून सांगितलं. बायका पार मागे बसल्या होत्या. भाषण त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. कधी पोचतं?

सरस्वतीबाईंची सून सत्यभामा हिचं हे तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही लेकरं वैशाखानं नेली. टिनाच्या घरात दुपारी अंग तापलं आणि दिवेलागणीपर्यंत सगळं आटोपलं. म्हणून तर या खेपेला बाईंनी घराण्याची रीत मोडून सुनेला दवाखान्यात आणलं होतं. आणि इथे काय तऱ्हा! बाळ जरा पिवळं पडलंय, उजेडात असू द्या, म्हणून नर्सबाईनं पाळणा नेमका त्या खिडकीखाली लावलेला. बाहेर वैशाख पेटलेला. काच एवढी तापलीय तर आत लेकरू भाजणारच, असं बाईंनी धरलं.

खरं तर खोलीत गार होतं. बाळाच्या अंगाला नुसता हात लावला असता तरी त्यांना कळलं असतं. पण निजलेल्या लेकराला हात लावायची त्यांची छाती होईना. गेल्या खेपेला असाच हात लावला, तर अंग थंड लागलं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते उगाच नाही.

नर्सबाई जेवायला घरी गेली होती. 'काचेले हात लावू नका,' एवढं ती जाताना बजावून गेली होती खरी, पण बाईंना वाटलं, पुसलेल्या काचेवर पंजे उमटतात म्हणून म्हणत असेल. पडवीत वाळ्याची ताटी उभी केलेली होती. आता वऱ्हाडात उन्हाळा काढायचा तो ताटीच्याच जिवावर. टांगा, पाणी मारा, घर गार. त्यांच्या आईनं तेच केलं, आजीनं तेच केलं. यात चुकायचं काय?

"मी भाईरून ताटी बांधून येतो," त्या सुनेला म्हणाल्या. "तू त्याले उचलू नको. निजलं हाय तं निजू दे."

सत्यभामानं मान डोलावली. सासूपुढे मान डोलावण्यापलीकडे तिनं आजवर काही केलं नव्हतं.

बाईंनी उन्हात जाऊन चौकटीच्या खिळ्यांना ताटी टांगली. रांजणातलं गारेगार पाणी बादलीभर आणून त्यांनी ताटीवर फेकलं. वाळ्यातून झिरपून ते तापलेल्या काचेवर गेलं. आतून टक् असं काहीतरी वाजलं. खिळा सरकला असेल म्हणून त्यांनी दुसरी बादली आणली आणि तीही जोरात मारली.

फाडकन आवाज झाला. ताटीखालची काच तडकली आणि ओल्या ताटीच्या भारानं आत कोसळली. आतून सत्यभामाची किंकाळी आली. मग काहीच आलं नाही. लेकराचं रडणंही नाही.

दार पुढच्या अंगाला होतं. बाई धावल्या. पदर कुठे, चप्पल कुठे, शुद्ध नव्हती. "माह्या हातानं," त्या स्वतःशीच बोलत होत्या, "देवा, माह्या हातानं मारलं का म्या त्याले?" भिंतीला धरत, ठेचकाळत त्या आत आल्या.

पाळणा हिरव्या काचांनी भरला होता. बोटभर जाडीचा एक तुकडा उशाशीच रुतला होता. गोधडी फाटली होती. बाईंना बघवेना आणि नजरही काढता येईना. त्या पाळण्याशीच खाली बसल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून चुटुचुटु दूध ओढल्याचा आवाज आला.

खाटेच्या पलीकडे, भिंतीशी अंग चोरून, सत्यभामा बसली होती. पदराखाली बाळ होतं. सासूला बघताच तिनं पदर आणखी ओढून घेतला.

"आत्याबाई, रागावू नका. तुमी नोको म्हणलं, तरी उचललं म्या त्याले. ते रडलंबी नव्हतं. मलेच राह्यवलं नाई. निजलेलं पाह्यलं का मले लय भेव वाटते, आधीचे दोघं आठवतात. तुमाले दिसू नये म्हणून इथं कोपऱ्यात येऊन बसली."

ज्या गुन्ह्याची ही पोर माफी मागत होती, त्याच गुन्ह्यानं नातू जिता होता.

"काच म्या फोडली व," त्या कशाबशा म्हणाल्या आणि हमसून रडल्या. "पाणी मारलं म्या तिच्यावर. तू... तुले वाटन तवा उचल त्याले. मले इचारू नको. कोनालेच इचारू नको."

सत्यभामा सरकत जवळ आली आणि पदराखालचं बाळ तिनं पुढे केलं.

"घ्या न, आत्याबाई. पाहा, अंग तापलं नाई. चांगलं गार."

बाईंनी हात मागे घेतले.

"नाई," त्या म्हणाल्या. "राहू दे तुह्यापाशीच. माह्या हाताचा मलेच भरवसा नाई."