ताईचा जुना धडा

आमच्या आरोग्य केंद्रात शिकण्याचं ॲप रोज उघडणारी मी एकटीच नर्स. बाकीच्यांना साहेब ओरडल्याशिवाय आठवण होत नाही. म्हणून साहेब मीटिंगमध्ये माझं कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण मी शिकायला ते उघडतच नाही. त्या धड्यांमधला आवाज माझ्या ताईचा आहे. तीही नर्सच होती. ती गेली, आवाज राहिला. "पुन्हा एकदा बघा, घाई नको," असं प्रत्येक धड्याच्या शेवटी दटावते. घरीही अशीच दटावायची.

गेल्या आठवड्यापासून ॲप अपडेट मागतंय. धडे नवे, आवाजही नवा. मी रोज "नंतर" दाबते. जीव नुसता टांगणीला लागलाय. चुकून बोट पडेल म्हणून मुलांच्या हातात फोन देत नाही, चार्जिंगला लावला तरी उठून उठून बघते. नवरा म्हणतो, रेकॉर्ड करून ठेव. म्हणजे भिंतीवरचा फोटोच की! मला कामावरची ताई हवी आहे.

आज सकाळी एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आली. मी वय विचारलं आणि ताईने शिकवलं तसं औषध मापाच्या झाकणात ओतलं. शेजारच्या कंपाउंडरने माझं मनगट धरलं.

"सिस्टर, वजन?"

"वय विचारलंय की मी."

"अहो, नियम बदललाय. आता वजनावरून द्यायचं. नवा धडा बघितला नाही? तुम्ही तर रोज बघता!"

लेकरू काट्यावर ठेवलं. वयाच्या मानाने अगदीच काडी. झाकणातलं औषध त्याला जास्त झालं असतं. कंपाउंडरने माप कमी केलं. बाईला काहीच कळलं नाही. जाताना मलाच "देव तुमचं भलं करो" म्हणाली.

औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रागाने रडू फुटत होतं, राग कुणाचा ते कळत नव्हतं. ताईचा धडा शेवटपर्यंत ऐकला. ती असती तर पहिली कानाखाली तिनेच वाजवली असती. मग अपडेट दाबलं.

नवा आवाज चांगला आहे. स्पष्ट, गोड, माझ्या कुणाचाच नाही. धडा संपला. मी उगाच वाट बघत बसले. पुढे काहीच आलं नाही.

शेवटी मीच म्हणाले, "पुन्हा एकदा बघा, घाई नको." आणि धडा पहिल्यापासून लावला.